मी, तिच्या ओठांजवळचा माइक

मी माइक बोलतोय. भाषणं ठोकणाऱ्यांसमोर ताठ उभा राहणारा नव्हे; हेडफोनच्या वाकड्या दांडीच्या टोकाला असतो ना, तो शेंगदाण्याएवढा. माझा जन्म ऐकण्यात गेला, त्यामुळे बोलताना अडखळलो तर सांभाळून घ्या.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझी भावंडं कुणी गाणाऱ्याकडे गेली, कुणी गेम खेळताना आरडाओरडा करणाऱ्यांकडे. मी पोचलो खिडकीपाशी चाकांच्या खुर्चीत बसणाऱ्या एका बाईकडे. आजारपणात तिच्या हातांतली ताकद गेली होती. पाण्याचा पेला उचलवत नसे, मग माउस कुठला हलवणार? पण आवाज मात्र खणखणीत. तिने मला विचारलेला पहिला प्रश्न होता, "ऐकू येतंय का रे शेंगदाण्या?" तेव्हापासून मी तिचा झालो.

सकाळी तिच्या सासूबाई मला तिच्या कानांवर चढवत, मध्ये येणारे केस मागे सारत आणि दांडी तिच्या ओठांसमोर वळवत. मग आमचं काम सुरू. कपडे धुण्याची यंत्रं विकणाऱ्या एका कंपनीकडे येणाऱ्या तक्रारींना ती घरबसल्या उत्तरं लिहायची; ती बोले, तसे शब्द पडद्यावर उमटत. ब्राउझरमध्ये पानावरच्या प्रत्येक बटणावर एक आकडा दिसे. ती म्हणे "चौदा दाब", की चौदा नंबरचं बटण दाबलं जाई. "खाली सरक" म्हटलं की पान खाली सरके. कुणाचे उपकार नाहीत, कुणाची वाट बघणं नाही.

दुपारी सासूबाई आत आडव्या झाल्या, की ती ताईला लिहायची. ताई दूरच्या गावी ग्रंथालयात कामाला. तिथे फोनवर बोलायची सोय नाही, म्हणून दोघी बहिणी लिहून गप्पा मारत. निम्म्या गप्पा नवऱ्याच्या आणि निम्म्या सासूबाईंच्या; सासूबाईंचं नाव आलं की तिचा आवाज बारीक होई. मी सगळं ऐकलं आणि पोटात ठेवलं.

एका सकाळी पडद्यावर पाटी झळकली, "तुमचा ब्राउझर आता अधिक सुंदर झाला आहे." ती म्हणाली, "चौदा दाब." काहीच नाही. बटणांवरचे आकडेच गायब! तिचे शब्द पडद्याच्या कोपऱ्यात बिनचूक उमटत होते, पण एकही बटण हलायला तयार नव्हतं, की उत्तराच्या चौकटीत एकही शब्द उतरत नव्हता.

"मेला माइकच बिघडलाय," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी मला फुंकलं, टेबलावर ठोकलं, ओल्या फडक्याने पुसलं. संध्याकाळी नवऱ्याने येऊन माझी वायर बदलली. मला ओरडून सांगायचं होतं की अहो, माझा काही दोष नाही! पण माइकचं कोण ऐकणार?

खोट अपडेटमध्ये आहे, हे शेवटी तिनेच ओळखलं. जुना ब्राउझर परत घ्यायला ऑफिसची परवानगी नव्हती. मग सासूबाईच शेजारी खुर्ची ओढून बसल्या. ती सांगे, त्या टाइप करत. एका बोटाने. 'क्ष' शोधायला चष्मा कपाळावरून नाकावर येई. तिने सांगितलं, "झालेल्या त्रासाबद्दल क्षमस्व." सासूबाईंनी लिहिलं, "रागावू नका बाळा, होईल दुरुस्त." त्या ग्राहकाचं उत्तर आलं, "थँक यू आजी." दोघी हसून हसून बेजार झाल्या.

काम असं रडतखडत चाललं होतं. आटल्या त्या ताईशी होणाऱ्या गप्पा. आता ती एवढंच सांगे, "लिहा आई, मी बरी आहे, तू कशी आहेस?" दुसऱ्या दिवशीही तेच. मग एकदा ताईचा निरोप आला. सासूबाईंनी तो मोठ्याने वाचला, "ही तू नाहीस. काय झालंय तुला?"



सासूबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुम्ही दोघी माझ्याबद्दल बोलता ना गं?"

ती खिडकीबाहेर बघू लागली.

"अगं, सासूबद्दल नाही बोलायचं तर कुणाबद्दल? सांग, काय लिहू?"

"आई, राहू दे ना."

"नाही, आज लिहायचंच. मी मनात काही ठेवणार नाही."

 ती हळूच म्हणाली, "लिहा. सासूबाई मला माझं वाक्य पुरं करू देत नाहीत. मी बोलायला लागले, की पुढचं त्याच..."

सासूबाईंचं तोंड उघडलं होतं. त्यांनी ते मिटलं. एकेक अक्षर शोधत त्यांनी तिचं बोलणं होतं तसं उतरवलं, आणि बटण दाबलं.

"आता पुढे लिहा," ती म्हणाली.  "पण त्या नसत्या, तर मी..."

"ते नाही हं लिहिणार मी," सासूबाई नाक पुसत म्हणाल्या. "बोट दुखलं माझं."

त्यानंतर दोघी इरेला पेटल्या. ब्राउझरवाल्यांकडे तक्रार करायची, तर ती नोंदवायचं बटणसुद्धा आवाजाने दाबलं जाईना! सासूबाईंनीच ते दाबलं. लगेच उत्तर आलं, "आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे."

"आई, हे तर माझंच वाक्य!" ती हसत सुटली. "मी रोज लोकांना हेच पाठवते!" त्या दिवसापासून तिने ते वाक्य कुणालाही पाठवलं नाही.

मग सासूबाईंनी फोनवर व्हिडिओ काढला. मांडीवर निपचित हात, समोर गप्प पडदा आणि पुन्हा पुन्हा "चौदा दाब". मागून सासूबाईंचा आवाज, "नाही ना दाबलं जात! बघा तुम्हीच!" या वेळी उत्तर आलं ते तिथे काम करणाऱ्या एका मुलीचं. तिने लिहिलं होतं, "मी आज हात न लावता काम करून बघितलं. मला माझी मेलसुद्धा उघडता आली नाही. चूक आमची आहे. मी मागे लागते."

ती खरंच मागे लागली. काही आठवडे लागले, पण आकडे परतले. माझ्या मालकिणीने घसा खाकरला आणि ती म्हणाली, "चौदा दाब." दाबलं गेलं! सासूबाईंनी टाळी वाजवली. मग मोकळ्या हातांचं काय करावं ते त्यांना कळेना.

"जाते मी," त्या उठत म्हणाल्या. "ताईला लिही. केवढं साठलं असेल."

त्या दुपारी ती ताईशी काय बोलली, ते मी सांगणार नाही. एवढंच सांगतो, की सासूबाईंचा विषय निघाला तेव्हा तिने आवाज बारीक केला नाही.

आता मी जुना झालोय. स्पंजची टोपी कधीच फाटली, दांडीला चिकटपट्टी आहे. माझ्या जागी उद्या नवा माइक येईल, त्याचं मला वाईट वाटत नाही. धास्ती वाटते ती पुढच्या अपडेटची. म्हणून ब्राउझर बनवणाऱ्यांना हात जोडले असते, पण मला हात नाहीत, तोंडानेच विनवतो. बटणं गोल करा, चौकोनी करा, हवे ते रंग द्या. फक्त घरोघरी धाडण्याआधी एकदा आपले हात मांडीवर ठेवा, आणि त्या बटणाला हाक मारून बघा. ओ देतंय का?