सहाव्या दिवशी मी डोळे उघडले नाहीत

"धुरपताले नोको नेऊ, सुनबाई. तिचं लेकरू अजून आंगावर पेते," माझ्या सासूबाई, सुगंधाबाई, तांदूळ पाखडता पाखडता म्हणाल्या होत्या. "भरल्या छातीनं दहा दिवस कशी राहीन ते?"

"आई, दहाच तर दिवस आहेत," मी म्हणाले. मी गृहविज्ञान घेऊन बी.ए. झालेली, त्या चौथीही शिकलेल्या नाहीत. मी बॅग भरत राहिले.

ही मागच्याच, १९८६ च्या दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. ब्रह्मपुरीजवळच्या एका वसतिगृहात बायकांचं ध्यानशिबिर होतं. पांढरी साडी, अष्टशीलाचे आठ नियम, दुपारी बारानंतर अन्न नाही आणि दहा दिवस मौन. मला ते हवंच होतं. माझी मुलगी दीड वर्षाची झाली तरी ती झोपली की मी तिच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायची. ती शिंकली तरी मी रात्रभर उशाशी बसायची. पण एकटी गेले असते तर कुरखेड्याच्या आमच्या वस्तीत बायका म्हणाल्या असत्या, शिकलेली बाई, लेकरू टाकून गेली. म्हणून मी शेजारच्या धुरपताच्या मागे लागले. तिची मुलगी सात महिन्यांची, तिला घरीच ठेवायचं होतं. दोघी गेलो की मला एकटीला कोणी बोलणार नाही. हे खरं कारण मी तेव्हा स्वतःलाही सांगितलं नाही. तिला म्हणाले, "धम्माचं काम आहे, नाही म्हणू नकोस."

तिचा नवरा लटारू हसायला लागला. "हे दहा दिवस बोलनार नाई म्हनता? मंग महिनाभर ठेवा नं, ताई!"

तिसऱ्या दिवशी धुरपताचा ब्लाउज ओला दिसला. ती पदर ओढून बसली होती. मग न्हाणीमागे ती भिंतीवर दूध पिळताना दिसली, आवाज न करता रडत. मी पाहिलं. पाहत राहणं हा माझा स्वभावच आहे.

चौथ्या दिवशी हापशीवर ती हळूच म्हणाली, "ताई, छाती दगड झाली व. मले घरी जाऊ द्या नं."

मी ओठांवर बोट ठेवलं.

चार दिवसांत माझ्या तोंडून एक शब्द गेला नव्हता आणि तो मला जाऊ द्यायचा नव्हता. शिवाय वाटलं, होईल कमी, माझं नव्हतं का झालं? माझ्या मुलीला मी दोन महिने घेऊन हळूहळू अंगावरून तोडलं होतं, हे त्या वेळी मला आठवलं नाही. की आठवलं होतं?

सहाव्या दिवशी सकाळच्या बैठकीत ती बसल्या जागी कलंडली. स्वयंपाक करणारी कांताबाई धावत आली, तिच्या कपाळाला हात लावला आणि ओरडली, "भन्तेजी! हे बाई भाजून राह्यली नं! कोनाचं ध्यान हाय का नाई इथी?"

शिबिर घेणाऱ्या भन्तेजींनी विचारलं, "यांच्यासोबत कोण आलं आहे?"

मी डोळे मिटून बसले होते. श्वास आत, श्वास बाहेर. त्यांनी पुन्हा विचारलं. धुरपताने माझं नाव घेतलं नाही. शेवटी कांताबाईच तिला घेऊन दुपारच्या एसटीने गेली.

मी दहा दिवस पूर्ण केले. महिला मंडळात फूल देऊन माझा सत्कार झाला आणि मी मनःशांतीवर बोललेही.

धुरपताच्या छातीत गळू झालं, गडचिरोलीला नेऊन चिरा द्यावा लागला. दूध गेलं ते गेलंच. पोरीला शेळीचं दूध पचेना. दिवसातून आठ-दहा वेळा शी. मी दुधाच्या पावडरचा डबा घेऊन गेले तेव्हा पोरीचा दंड माझ्या दोन बोटांत मावला. धुरपता म्हणाली, "बसा नं ताई, चहा मांडतो." एवढंच. तिने शिवी दिली असती तर मी माफी मागू शकले असते. मी चहा पिऊन आले.

माघात लटारूला अहेरीच्या लाकूड डेपोवर काम लागलं आणि ते तिघे तिकडे गेले. मी पत्र टाकलं. पण तिला वाचता येत नाही. दुसरं कोणी मोठ्याने वाचून दाखवणार, म्हणून लिहायचं ते लिहिलंच नाही. "खुशाल असाल" एवढं लिहिलं. उत्तर आलं नाही.

तुमच्यापैकी कोणाचं अहेरीला जाणं झालं तर डेपोवर लटारू रामटेके विचारा. घरी जा. माझं नाव नका सांगू, नाहीतर सांगा, तुम्हाला वाटेल तसं. फक्त पोरीला एकदा मांडीवर घ्या, अंगात भरली आहे का ते बघा, आणि मला कळवा.