अक्काचं पत्र मी कोरं छापलं

मी प्रिंटर बोलतोय. हो, तोच, पुस्तकांच्या कपाटाशेजारी स्टुलावर बसवलेला, डोक्यावर विणलेला रुमाल घातलेला. एरवी मी बोलायला लागलो की घरभर खडखडाट होतो. आज हळू बोलणार आहे, कारण जे सांगायचंय त्याची मला मनापासून लाज वाटते.

जन्माचं फार पाल्हाळ लावत नाही. एका लांबलचक शेडमध्ये, सरकत्या पट्ट्यावर मला एकेक अवयव मिळत गेला. शेवटी एका बाईंनी माझ्यातून चाचणीचं पान काढलं, उजेडाकडे धरलं आणि "पास" म्हणून शिक्का मारला. त्या शिक्क्याचा मला पुढे कितीतरी दिवस ताठा होता. मग खोका, मग दुकानातली फळी. दुकानदार गिऱ्हाइकाला म्हणाला, "मॅडम, डोळे झाकून घ्या!" त्याचं ते बोलणं आठवलं की आता अंगावर काटा येतो.

घेणारी बाई म्हणजे या घरची सून. ती एका कचेरीत नोकरी करते, नवरा जहाजावर असतो, सहा सहा महिने तोंड दिसत नाही. घरात ती, तिची तेरा वर्षांची मुलगी आणि सासरे. मुलगी एका जागी दोन मिनिटं टिकत नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणतात. सासरे म्हणजे आजोबा. आणि मला आणलं होतं ते आजोबांसाठी.

आजोबांच्या डोळ्यांचा पडदा खराब होत चाललाय. कडेचं दिसतं, पण जिथे बघावं तिथेच धुकं. मोबाइलचा उजेड खुपतो, छापील पुस्तक तर सुटलंच. पण पांढऱ्या कागदावर काळीकुट्ट, बोटभर उंचीची अक्षरं असली, तर कागद नाकाशी धरून ते वाचू शकायचे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "एक दिवस तीही दिसेनाशी होतील. तसं झालं की लगेच सांगा, लपवू नका." आजोबांनी मान डोलावली होती. लहान मुलं डोलावतात तशी, पुढे काय करायचं ते मनात ठरवून.

वाचायची असायची ती अक्काची पत्रं. अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. लांबच्या गावी एकटी राहते आणि तिला अजिबात ऐकू येत नाही, त्यामुळे फोनचा उपयोग शून्य. तिला ऐकू येत नाही, ह्यांना दिसत नाही, आणि एकमेकांशी भांडल्याशिवाय दोघांचाही आठवडा जात नाही! मग अक्का ईमेल करायची, भिंगरी ते न वाचता सगळं एकदम मोठं आणि ठळक करायची आणि मी ते छापायचो. न वाचता, कारण घराचा नियमच तसा होता: पत्र ज्याचं त्यानं वाचायचं. "मी वाचून दाखवू का?" असं भिंगरीनं एकदा विचारलं, तर आजोबा केवढ्यानं खेकसले. "माझं पत्र मी वाचणार. अजून तेवढं दिसतंय मला."

खरं सांगतो, मी फुशारलो होतो. घरातल्या बाकीच्या वस्तूंपेक्षा मी वरचढ, असंच मला वाटायचं. मिक्सर काय, चटणी वाटतो. मी एका भावाला बहीण वाटतो! गर्वाचं घर खाली म्हणतात ते काही उगीच नाही.

त्या शनिवारी माझी काळी शाई संपली. सुनेनं नवी डबी आणली, वरची पिवळी पट्टी ओढून काढली, डबी माझ्यात बसवली आणि कामाला गेली. ती पट्टी टेबलावरच राहिली आणि आजोबांच्या बोटांना लागली. आता आजोबांनी चाळीस वर्षं दवाखान्यात कंपाउंडरकी केलेली. उघडी बाटली दिसली की यांचा जीव खालीवर होतो. बिस्किटाचा पुडा, डिंकाची बाटली, पेनाचं टोपण, सगळं पुन्हा पुन्हा बंद करत घरभर फिरतात. पट्टी हातात धरून ते पुटपुटले, "झालं! बूच काढलं आणि लावायला विसरली. आठवड्यातून एकदा लागते शाई, वाळून खडखडीत होईल की."

त्यांनी माझं झाकण उघडलं, डबी चाचपून बाहेर काढली, वरचं बारीक भोक बोटाच्या टोकानं शोधलं आणि त्यावर चिकटपट्टी लावली. एक नाही, दोन! कडा नखानं घट्ट दाबल्या आणि डबी जागेवर परत बसवली. किती मायेनं केलं त्यांनी ते. पण त्या भोकातूनच डबीत हवा जाते. हवा आत गेली नाही की शाई खाली उतरत नाही. मला हे कळत होतं आणि मी मूग गिळून गप्प बसलो. बोलायला मला एवढीशी पाटी आहे, तिच्यावर शाईची पातळी दिसते. आणि ती पातळी मी डबीत डोकावून सांगत नाही, उडवलेले थेंब मोजून अंदाजे सांगतो. म्हणून मी ठणकावून लिहिलं: काळी शाई, भरपूर.

संध्याकाळी सुनेनं कचेरीचा तीस पानी अहवाल काढला. शेवटची पानं फिकट होत होत नाहीशी झाली. ती म्हणाली, "चालेल, शेवटची पानं साहेब कुठे वाचतात!" आणि माझा अपराध तिथेच झाकला गेला.

रविवारी सकाळी अक्काचं पत्र आलं. भिंगरीनं आतल्या खोलीतून फोनवर बटण दाबलं आणि पोहायला पळाली. पत्र माझ्यापर्यंत पोचलं होतं, त्यातला शब्द न् शब्द मला ठाऊक होता. अक्काच्या पोटात गाठ निघाली होती. डॉक्टर म्हणत होते, वेळेवर काढली तर काढता येईल. तिनं लिहिलं होतं, "मला या वयात सुरी नको वाटते. पण तू जन्मभर औषधांत वावरलास, तू हो म्हणालास तर सही करीन. शुक्रवारी दुपारपर्यंत सांगायचंय. तुझं उत्तर आलं नाही तर नको म्हणून मोकळी होईन."

आणि मी तो कागद बाहेर ढकलला. कोरा. माणसं लाजेनं तोंड काळं करतात म्हणे. मला तेवढंही जमलं नाही.

आजोबांनी तो उचलला, नाकाशी नेला. मग खिडकीपाशी गेले, चष्मा पुसला, टेबलावरचा दिवा लावला. कागद उलटा करून पाहिला. त्यावरून तळवा फिरवला, जणू अक्षरं हाताला लागतील. आणि खुर्चीत बसले, ते बसलेच. मी ओरडून सांगायला हवं होतं, "आजोबा, तुमचे डोळे नाही हो, मी बिघडलोय!" पण माझा हिरवा दिवा आपला शांतपणे लुकलुकत होता, सगळं ठीक आहे म्हणून.

भिंगरी ओल्या केसांनी आली. "काय म्हणतेय अक्काआजी?"

"तिचं काय, नेहमीचंच."

"भांडलीये का?"

"नाही. बरं लिहिलंय," आजोबा म्हणाले आणि कागदाची घडी करून खिशात ठेवली.

पुढचे चार दिवस मी जे पाहिलं ते कुणाच्या वाट्याला येऊ नये. आजोबा फिरायला जाईनात. भिंतीला हात लावून चालायला लागले, जेमतेम दिसत होतं तिथेही. सून म्हणाली, "बरं नाही का वाटत तुम्हाला?" तर म्हणाले, "गुडघे धरलेत." बुधवारी अक्काचं दोन ओळींचं पत्र आलं, "अरे, उत्तर दे." तेही मी कोरंच दिलं, तेही त्यांनी खिशात घातलं. भिंगरीनं विचारलं, "आजोबा, उत्तर लिहून घेऊ?" ते म्हणाले, "विचार करतोय." नक्की कशाला उत्तर द्यायचं हेच त्या माणसाला ठाऊक नव्हतं, आणि आपल्याला दिसत नाही हे तोंडातून निघत नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळी भिंगरीनं शाळेसाठी बेडकाची रंगीत आकृती काढली. आणि केवढ्यानं किंचाळली, "आई! बेडूक आलाय, पण नावं गायब!"

सून पदर खोचून आली. आधी माझ्या डोक्यावर दोन चापट्या मारल्या. बसायलाच हव्या होत्या, मी तक्रार करत नाही. मग मला बंद करून चालू केलं. कागद बदलला. मग सफाईचं बटण दाबलं. मी घरघर करून पोटातली शाई नुसतीच वाया घालवली आणि तपासणीचं पान दिलं: निळ्या, लाल, पिवळ्या रेघा ठसठशीत, काळ्याची जागा पांढरीफटक.

"शाई तर भरपूर दाखवतोय," सून म्हणाली.

"खोटारडा आहे मेला," भिंगरी म्हणाली. मी ऐकून घेतलं.

तिनं पुन्हा सफाई केली, पुन्हा तेच. तेव्हा पोरीनं झाकण उघडलं, काळी डबी उपसली आणि दिव्याखाली फिरवून पाहिली. "आई, याच्या नाकाला कुणी चिकटपट्टी लावलीये? गुदमरला की हा!"

"मी लावली," मागून आजोबा म्हणाले. "शाई वाळू नये म्हणून. शनिवारी."

सून हसायला लागली. भिंगरी हसली नाही. ती बोटांवर दिवस मोजत होती. "शनिवारी? मग रविवारचं पत्र... आजोबा, तुम्ही ते वाचलंत ना?"

आजोबांचा हात खिशाकडे गेला.

"तुम्ही म्हणालात, बरं लिहिलंय."

त्यांनी खिशातून दोन्ही घड्या काढल्या आणि तिच्यापुढे धरल्या. "तूच सांग, बाळ," ते म्हणाले. "हे कागद कोरे आहेत?"

"कोरे आहेत, आजोबा. साफ कोरे!"

ते खाली बसले आणि घळाघळा रडले. सुनेला काही कळेना, कागद पाहिले तेव्हा कळलं. मग तीही जमिनीवर त्यांच्याशेजारी बसली.

भिंगरीनं दोन्ही पट्ट्या सोलून काढल्या, डबी बसवली, दोनदा सफाई केली. शाई माझ्या तोंडाशी आली तेव्हा मला वाटलं, आता तरी धीटपणे छापेन. पण लाज होतीच. रविवारचं पत्र मी गुरुवारी दिलं. आजोबांनी ते नाकाशी धरून वाचलं, एकेक शब्द, मध्ये थांबत. संपल्यावर म्हणाले, "लिहून घे. अक्का, हो म्हण. ताबडतोब सही कर. तुझं पत्र मी वाचलंच नव्हतं. कागद कोरा आला, मला वाटलं माझे डोळेच गेले, आणि लाज वाटली म्हणून वाचल्याचं सोंग केलं. माझ्या लाजेपायी तुझा जीव जात होता." मग पत्र मांडीवर ठेवलं. "आणि पोरी, आजचीही अक्षरं मला नीटशी दिसली नाहीत. अर्धी अंदाजानं वाचली. उद्या डॉक्टरांकडे जाऊ या. नाहीच दिसलं, तर तू वाचून दाखव."

शुक्रवारी सकाळीच अक्काचं उत्तर आलं. मी ते काळंकुळकुळीत, जेवढं मोठं येईल तेवढं छापलं: "गाढवा, सही केली. लहानपणीही तू असाच होतास, लागलं तरी रडायचा नाहीस."

अक्का आता बरी आहे, पुन्हा भांडते. तिची पत्रं भिंगरी मोठ्यानं वाचते, मी छापतो ती फक्त जपून ठेवायला. सगळ्यांनी मला माफ केलंय. माझं मलाच ते जमत नाही. म्हणून तुमच्याकडे हात जोडून एकच मागणं आहे. माझ्यासारखा कुणी तुमच्या घरात असेल आणि एखाद्या दिवशी तुमच्या हातात कोरा कागद आला, तर तो खिशात घालू नका. शेजारच्याला दाखवा आणि विचारा, "यावर काही लिहिलंय का?" आधी माझ्यावर संशय घ्या. तुमच्या डोळ्यांवर मग.