पहिली मेख

'हळद दाट कालवा बाई, लाकूड लय पितंय...' सगुणाबाईचा आवाज. नणंदेच्या लग्नातला, मुहूर्तमेढीच्या वेळचा; पण मांडवाबाहेरून आलेला, कारण तिला आत यायची मुभा नव्हती. ही मेखही तशीच पीत होती. नर्मदाबाईनं पुन्हा हळदीचं बोट फिरवलं. राखीव पोलिसांच्या तंबूची पहिली मेख — हवालदार देवभोळा, जागामालकाच्या लक्ष्मीनंच पुजावी म्हणाला — आणि मालक म्हणजे आबासाहेब, तिचे यजमान, सकाळपासून या राखेचेही मालक.

सौदा तिच्यासमोरच झाला. नामांतराच्या दंगलीत सगुणाबाईची ही दलित वस्ती जळाली, माणसं सोनपेठच्या शाळेत जाऊन राहिली, म्हणून पोलीस आले. आणि नायब तहसीलदारांनी तंबूंसाठी आबासाहेबांचं रबीचं रान मागितलं.

"रान कशाला, साहेब? वस्ती मोकळी पडलीय. पोलीस त्यांच्यासाठीच आलेत न्हवं? मंग त्यांच्याच जाग्यात राहू द्या की."

शिपाई हसले. तीही हसली... हसले मी, पदराआड, सवयीनं.

"आणि ती माणसं परत आली तर?"

"कशाची येतेत? शहराचं पानी लागलं त्यान्ला."

तंबू बसले की जोती सपाट होणार, मग इथं कुणाचं घर होतं हे सांगणार कोण — आबासाहेबांना कळत होतं, तिलाही. हवालदारानं मेख ठोकायला दगड उचलला. काळा, सगुणाबाईच्या चुलीचा. आणि नर्मदाबाईच्या जिभेखाली कालपासून सगुणाबाईचा निरोप, कासारणीनं बांगड्या भरता भरता कानात सांगितलेला. भीतीनं गिळला असं म्हणू? नाही... वस्तीतली माणसं गेल्यापासून वाटेत कुणाची सावली चुकवावी लागत नव्हती, आणि बरं वाटलं होतं मला.

"काय वहिनी," नायब तहसीलदार सहज म्हणाले, "कुणी येणार नाही ना?"

"तिला काय इचारता," आबासाहेब म्हणाले, "तिला घरातलं मीठ घावत न्हाई."

पुन्हा हशा. या वेळी तिचं हसू ओठांपर्यंत आलंच नाही. आत कुठंतरी अडलं, आंबलं. सगुणाबाईची कणव? शोधून पाहिली — नव्हती. नुसती त्या हशाची आग होती, आणि तीही आपल्यापुरती. एवढ्यानंही बोलता येतं, याचंच तिला नवल वाटलं.

"येनार हायत," ती म्हणाली. "दसऱ्याला. सगुणाबाईचा सांगावा हाय — आमच्या जोत्याला कुनाला हात लावू देऊ नका म्हून."