तिसऱ्या नावाला मावशीची सही

गावातली सगळ्यात जुनी बाई म्हणजे सुईण मावशी. ती लग्न होऊन आली तेव्हा गावाला कुंभारांवरून पडलेलं नाव होतं आणि चाळीस घरांत चाकं फिरत होती. पुढे नदीकाठची चांगली माती संपली, शेजारी सूतगिरणी उभी राहिली आणि कुंभारांपेक्षा कामगार जास्त झाले. एके दिवशी गिरणीमालकाच्या आडनावाची पाटी गावाच्या तोंडाशी लागली. मावशीच्या नवऱ्याने ती उपटून ओढ्यात टाकली, चार दिवस मिरवला, आणि सहा महिन्यांनी मुकाट्याने त्याच गिरणीत कामाला लागला.

गिरणीही बंद पडली. कामगार पांगले. त्यांच्या रिकाम्या खोल्यांत सरकारने धरणात बुडालेल्या एका गावची दीडशे कुटुंबं आणून बसवली. त्यांनी येताना दारं आणली, पाळणे आणले आणि गावाचं नावही आणलं. सहा वर्षं ते आपसात वापरलं. आता ते पाटीवर हवं होतं.

अर्जावर जुन्या रहिवाशांपैकी कुणाची तरी सही लागत होती. त्यांच्यातले मास्तर एका दुपारी आले. मावशी जुन्या चादरी फाडून बाळंतपणासाठी फडकी करत बसली होती.

"मावशी, तुमची हरकत नाही ना?"

"मागच्या वेळी कुणी विचारलंही नव्हतं. आणि नाही म्हटलं तर?"

मास्तर घुटमळले. "तर अर्ज तसाच जाईल. आम्ही जास्त आहोत."

"हे मात्र खरं बोललात."

तिला राग यायला हवा होता. पण मास्तरांची धाकटी तिच्याच हातावर जन्मली होती, पायाळू, आणि त्या वेळी मास्तर दाराबाहेर ढसाढसा रडले होते. अशा माणसावर रागावणं तिला जमेना.

"आधी इथे कुंभार होते, मग गिरणीवाले, एवढं अर्जात लिहा. मग करते सही."

मास्तरांनी तिथेच मांडीवर कागद ठेवून लिहिलं. मावशीने दोनदा वाचून घेतलं आणि सही केली.

तीन महिन्यांनी नाव मंजूर झालं. तेवढी ओळ मात्र कुणीतरी लाल शाईने खोडून बाजूला 'अनावश्यक' असं लिहिलं होतं. मास्तर कागद घेऊन स्वतः सांगायला आले.

"तुम्ही लिहिलं होतंत ना? मग झालं," मावशी म्हणाली. पण ते गेल्यावर तिने दार लोटून घेतलं आणि संध्याकाळपर्यंत उघडलं नाही.

पुढच्या वर्षी ती नवं ओळखपत्र काढायला कचेरीत गेली.

"या गावात केव्हापासून राहता?" कारकुनाने विचारलं.

"त्रेपन्न वर्षं झाली."

"आजी, हे गाव आमच्या नोंदीत गेल्या वर्षापासून आहे. कॉम्प्युटर त्याच्या मागचं घेत नाही."

मागे रांग चुळबुळत होती. मावशीने पदराने चष्मा पुसला.

"मग गेल्या वर्षी आले असं लिही, बाळा. या वयात नवं गाव बघितलं म्हणायचं!"

त्याने तसंच लिहिलं. दहा दिवसांनी ओळखपत्र घरी आलं. पत्ता अगदी बरोबर होता.