चांद्याची मोटार

आकुर्डीच्या मारुतरावांनी मोटार घेतली तेव्हा सगळ्यात जास्त आनंद त्यांच्या बैलांना झाला, असे गावात म्हणत. विलायतेला परत निघालेल्या खडकीच्या एका साहेबाने जाता जाता विकलेली ती काळी, फुगीर गाडी होती. मारुतराव तिला बैलासारखेच वागवत. लांब पल्ला झाला की तिला पाणी पाजायचे, इंजिन निवावे म्हणून बॉनेटवर ओले पोते टाकायचे आणि कुणी बघत नसेल तर दिव्यावरून हातही फिरवायचा. मोटारीला असे लाड कळत नाहीत हे त्यांना सांगणार कोण?

लाड न झालेला एकच जीव घरात होता, तो म्हणजे चांद्या. कपाळावर पांढरा ठिपका असलेला तो लाल कुत्रा बैलगाडी होती तोवर बाजाराला जाताना गाडीखालून, दोन चाकांमधल्या सावलीतून दुडक्या चालीने जायचा आणि गाडी सोडली की तिथेच पसरायचा. मोटार आली आणि त्याची ती नोकरी गेली. मोटारीमागे तो ओढ्यापर्यंत धावायचा आणि तोंड पाडून परत फिरायचा. मारुतरावांना ते मागच्या आरशात दिसायचे आणि जिवाला लागायचे, पण मोटार घेतलेल्या माणसाने असे बोलून दाखवायचे नसते.

म्हणून चैत्राच्या अखेरीला चाकणला मेव्हण्याच्या मुलीचा साखरपुडा निघाला, तेव्हा त्यांनी जाहीर केले की चांद्याही येणार, आणि तोही मागच्या गादीवर बसून. त्यांच्या बायकोला, गोजाबाईंना, हसू आवरेना. त्यांना स्वतःला गादीवर बसण्याआधी रोज पाय झटकावे लागत.

चाकणला मेव्हण्याच्या, लक्ष्मणरावांच्या दारापाशी मोठा लिंब होता. पाहुण्यांच्या बैलगाड्या त्याखाली सोडल्या होत्या आणि बैल सावलीत रवंथ करत होते. पण गाड्यांच्या गर्दीत मोटार लावायची म्हणजे तिच्यावर कावळ्यांचा प्रसाद पडणार, शिवाय येणाऱ्या-जाणाऱ्याला ती दिसणारही नाही. मारुतरावांनी ती समोरच्या मोकळ्या मैदानात, भर उन्हात उभी केली. तिला पाणी पाजले, ओले पोते टाकले. पोरे भोंगा वाजवतात म्हणून चांद्याला आत राखणीला ठेवले, गादीवर धूळ नको म्हणून काचा वर केल्या आणि किल्ली बंडीच्या खिशात टाकली.

गोजाबाईंनी बायकांत जाता जाता चांद्या कुठे आहे ते विचारले. मोटारीत मजेत आहे, असे मारुतराव म्हणाले. काचा खाली आहेत ना, असे त्यांनी पुढे विचारले तेव्हा मारुतराव नेमके कुणाला तरी रामराम घालण्यात गुंतले होते.

पुरुषांची पंगत बसली. जावई म्हणून मारुतरावांना पहिले पान आणि चांदीचा तांब्या मिळाला. जावयाने पानावरून मधेच उठायचे नाही, हा तिथला कडक रिवाज. जावई उठला म्हणजे घराची शोभा झाली. एवढ्यावरून वर्षानुवर्षे बोलणे टाकलेली घरे त्या भागात होती. त्यात समोर मुलाकडची मंडळी बसलेली.

दुसरी पोळी पानात पडली तेव्हा बाहेर भोंगा वाजला. म्हातारे भिमाजी म्हणाले की मोटारीलाही भूक लागली वाटते. पंगत हसली, मारुतरावही हसले. मोटारीची आठवण चारचौघांना झालेली त्यांना आवडलीच. भोंगा पुन्हा वाजला, लांबलचक. आता पोरांना रागवायला हवे, असे ते मनात म्हणाले. मग तिसऱ्यांदा वाजला तो अगदी तोकडा, कुणी जेमतेम हात टेकवावा तसा.

मारुतरावांचा घास हातात राहिला. दारे बंद, किल्ली खिशात. पोरे आत जाणार कशी? आत एकच जण होता. आणि काचा त्यांनी स्वतः वर केल्या होत्या.

ते उठू लागले तसा तूप वाढणाऱ्या लक्ष्मणरावांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"दाजी, पानावरून उठू नगा. माज्या पोरीचं कार्य हाय. कुत्रं काय, पंगत झाली की बघू."

आणि मारुतराव बसले. क्षणभरच, पण बसले. ते चौथ्या भोंग्याची वाट बघत होते. तो वाजला असता तर कदाचित पंगत पुरी करून उठले असते. तो वाजलाच नाही.

ते उष्ट्या हाताने, अनवाणी धावत सुटले. दाराच्या मुठीचा हाताला चटका बसला. दार उघडताच भट्टीचे तोंड उघडावे तशी झळ आली. चांद्या पुढच्या गादीखाली कलंडला होता. जीभ काळवंडून बाहेर आलेली, डोळे उघडे, पण ते धन्याला ओळखत नव्हते. मारुतरावांनी त्याला छातीशी धरून लिंबाखाली आणले आणि उभ्या जन्मात चारचौघांत न घेतलेले बायकोचे नाव घेऊन हाक मारली.

"गोजा!"

गोजाबाई पिठाच्या हातांनी धावत आल्या. बैलांच्या बादलीतले पाणी त्यांनी चांद्याच्या पोटावर, पायांवर, कानांवर ओतले, ओठ नुसते ओले केले आणि सुपाने वारा घालायला लागल्या.

"बैल सोडताना आदी सावली बघता," त्या म्हणाल्या. "मोटारीला वलं पोतं घातलं. आन ज्याला जीव हाय, त्यालाच न्हाई व्हय?"

मारुतराव तसेच मातीत बसून राहिले. बऱ्याच वेळाने हाताला काहीतरी ओले, खरखरीत लागले. चांद्या त्यांच्या उष्ट्या बोटांवरचे पुरण चाटत होता. मग मात्र सगळ्या सोयऱ्यांसमोर मारुतराव ढसाढसा रडले.

पंगत मोडली ती मोडलीच. लक्ष्मणराव रुसून बसले. पण मुलाचे वडील दत्तोबा यांनी हात धुतले आणि निकाल दिला की साखरपुड्याला बाधा नाही, मात्र दाजींनी राहिलेले पान बायकांच्या पंगतीत बसून संपवावे. मारुतरावांनी ते मान खाली घालून संपवले. बायकांनी त्यांना आग्रह करकरून वाढले.

ऊन उतरल्यावर निघायची वेळ झाली. चारही काचा खाली होत्या, पण चांद्या मोटारीजवळ फिरकेना. त्याने लिंबाखालची लक्ष्मणरावांची बैलगाडी निवडली आणि तिच्या दोन चाकांमध्ये जाऊन बसला. गोजाबाईंनी भावाकडून तीच गाडी गाडीवानासकट मागून घेतली, अशक्त झालेल्या चांद्याला उचलून मांडीवर घेतले आणि तीतूनच निघाल्या.

तेव्हा चाकणच्या रस्त्याने पुढे बैलगाडी आणि मागे तिच्या चालीने सरपटणारी मोटार, अशी वरात निघाली. कुरुळीपाशी ओळखीचे सयाजी भेटले. त्यांनी मोटारीत डोकावून काळजीने विचारले की काय बिघडले.

मारुतरावांनी पुढच्या गाडीकडे पाहिले. गोजाबाईंच्या खांद्यावरून चांद्या मोटारीवर लक्ष ठेवून होता.

"मोटार झ्याक हाय," मारुतराव म्हणाले. "बिघडलो व्हतो मी."