तारेचे ग्रहण

राहीबाईने सुनेच्या पुढ्यातली विळी ओढून घेतली आणि भोपळा स्वतःच चिरायला बसली.

"बस गप. पोटुशा बाईनं चिरू-कापू नये, ठावं हाय ना?"

"ते ग्रहणात, आत्याबाई."

"मग ह्ये काय दुसरं हाय?" राहीबाईने मानेनेच वर दाखवले.

वर, घरामागच्या टेकाडावरून, विजेची जाडजूड तार पोलादपूरच्या अंगाला गेली होती. वाडीत दिवा रॉकेलचाच. वीज जायची होती मुंबईला. आभाळातले ग्रहण घटका-दोन घटकांत सुटते, पण राहीबाईने येसूला लावलेले ग्रहण चौथा महिना झाला तरी सुटायचे नाव घेत नव्हते. येसूने चिरायचे नाही, शिवायचे नाही, विहिरीवर जायचे नाही. विहीर नेमकी तारेखाली. म्हणून साठीला टेकलेली राहीबाई खालच्या ओढ्यावरून हंडे आणायची आणि रांधलेल्या भातावर तुळशीचे पान ठेवायची. वाडीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसत. हसोत बापड्या. त्यांच्या घरातला पाळणा काही रिकामाच माळ्यावर परत गेला नव्हता.

गेल्या वर्षीच्या आषाढात येसूला पाचवा होता. लावणी अंगावर आलेली, मुलगा चांगू मुंबईला गिरणीत. राहीबाईने सुनेला रोपांचे भारे वाहायला लावले. तिसऱ्या दिवशी बांधावरच तिचे पोट पडले. पुढे चार-पाच दिवसांनी वाडीची सुईण बयाबाई डोकावली आणि वर बघत म्हणाली, "नवी तार आली ना डोक्यावर, तिनंच खाल्लं पोर." तेव्हापासून राहीबाईच्या तोंडी दुसरे काही नव्हते.

आता येसूला सातवा लागला, तेव्हा राहीबाईने मनाचा हिय्या केला. टोपलीत नवे पोहे घेतले आणि पोलादपुरात लाइनवाल्यांचा तंबू गाठला. तिथला सुपरवायझर पुण्याकडचा तरुण होता. त्याने खुर्ची पुढे केली; ती खालीच बसली.

"सायब, सून पोटुशी हाय माझी. ती बाळंत होईस्तोवर तेवढी तार बंद ठेवा. मग काय सोडायचं ते सोडा."

तो हसला नाही, हा त्याचा चांगुलपणा.

"आजी, तार बंदच आहे. अजून वीज सोडलेलीच नाही. माघात सोडणार."

"आनि गेल्या साली?"

"तेव्हा तर नुसती ओढून ठेवली होती. कपडे वाळत घालायची दोरी आणि ती, सारखीच. घरी जाऊन सुनेला सांगा, निर्धास्त राहा म्हणावं."

म्हातारीचा जीव भांड्यात पडेल असे त्याला वाटले. पोहे त्याच्या टेबलावर ठेवून राहीबाई बाहेर पडली.

ती चढणीला लागली. तारेने नाही, तर मग कशाने? तिच्या डोळ्यांपुढून येसू हलेना: चिखलाने माखलेली, भाऱ्याखाली वाकलेली. आणि बांधावर उभी राहून "आटप गो" म्हणणारी ती स्वतः. वाटेत एका दगडावर बसून ती पोटभर रडली. मग डोळे पुसून उठली.

येसू ओटीवर वाट बघत होती.

"काय म्हनाला सायब?"

खोटे सांगता आले असते. राहीबाईला ते जमले नाही.

"तारंत वीज नव्हती गो. गेल्या सालीबी नव्हती. मीच गो, येसू. मीच तुला..."

"मला ठावं हाय."

"काय ठावं हाय?"

"तारंचं. लाइनवाले पानी प्यायला आले व्हते गेल्या श्रावणात, त्यांनी सांगितलं."

राहीबाई तिच्यापुढे येऊन बसली. "मग बोलली का नायस? चार महिनं मी तुला हलू दिलं नाय, ओढ्यावरनं हंडे आनले... हसत नाय व्हतीस ना मला?"

येसूने नकाराने मान हलवली. पदराचे टोक ती बोटाला गुंडाळू लागली.

"पोर गेलं तवा तुमी अन्नाला शिवला नव्हता, आत्याबाई. चार दिस. मी हातरुणात पडून बघत व्हते, चुलीफुडं नुसत्या बसून असायचा. बयाबाई तारंचं बोलली, आनि त्या सांजेला तुमी वाटीभर पेज घेतलीत."