आपणहून उघडलेलं दार

दगडोबा मालकानं हे ऑडिट सोताच्या हातानं बोलावलं होतं. कुणाची बळजबरी नव्हती. दुबईला केळी घेणाऱ्या व्यापाऱ्यानं नुसतं इचारलं होतं, "तुमच्या पॅकहाऊसात लहान लेकरं कामाला न्हाईत, असा दाखला हाय का?" अख्ख्या अर्धापुरात असा दाखला कुणाकडं नव्हता. मालकाची छाती फुगली, अर्ज गेला. बोर्डावर काय लिहायचं हेसुद्धा ठरलं. बारीकशी भानगड एवढीच की लेकरं होती. चार.

लातूरच्या ऑडिटवाल्या दिपाली मॅडम दहाला येणार होत्या, त्या साडेनऊलाच टपकल्या. फाटकात गाडी दिसली तशी सुपरवायझर नरसिंगची तारांबळ उडाली. तुरटीच्या पाण्यात केळीच्या फण्या धुणाऱ्या चौघी पोरींना त्यानं हाकललं ते थेट कोल्ड रूममध्ये.

"हूं का चूं करायचं न्हाई. दहा मिनिटांत काढतो!"

दार लावलं, बाहेरून कडी घातली.

मुकादम पंचफुला बघतच राहिली. चौघींत बबिता होती, तिच्या बहिणीची पोर. बारा वर्षांची, कमरेपर्यंत भिजलेली, अन् गार हवा लागली की छाती भरून येणारी. आत तेरा डिग्री. पंचफुला बोंबलली असती, पण बबिताला कामावर आणलं होतं तिनंच. कोणत्या तोंडानं बोंबलणार?

तिनं चहाचा ट्रे उचलला अन् ऑफिसात शिरली. निदान कळंल तरी, ही बया कवा उठती.

बया उठायचं नाव घेईना. बिस्कीट चहात बुडवून मॅडम सावकाश बोलत होत्या. "दगडोबाजी, तुम्ही आम्हाला आपणहून बोलावलंय म्हणून आधीच सांगते. लेकरं असतील तर आत्ताच दाखवा. मग लेकरं शाळेत जातात, तुम्हाला सुधारायला सहा महिने मिळतात. मी शोधून काढली, तर मात्र 'लपवली' असं लिहावं लागतं. ते व्यापाऱ्याकडं जातं. कामगार ऑफिसला तर दोन्ही वेळी कळवते."

फॉर्ममध्ये 'कामावर लेकरं किती' हा रकाना कोरा होता. मालकाचा पेन त्याच्यावर माशीवानी घिरट्या घालून राहिला.

"आधी फिरून तर बघा मॅडम. लिहितो की मंग."

"बघू. एक कप अजून मिळंल?"

पंचफुलानं चहा असा ओतला की अर्धा बशीत. घड्याळात दहाला पाच कमी. पंचवीस मिनिटं झाली होती. ती मागच्या दारानं निघाली अन् कोल्ड रूमकडं पळाली.

दारासमोर चार जोड चपला. ओळीनं. एकीचा तुटका पट्टा सुतळीनं बांधलेला. चपल घालून कोल्डमध्ये पाय ठेवायचा न्हाई, हे तिनंच पोरींना शिव्या घालघालून शिकवलं होतं. नरसिंग हाकलत होता तवाबी कार्ट्या नेम विसरल्या न्हाईत!

तिनं तीन जोड क्रेटखाली सारले. चौथा हातात घेतला अन् आतून खोकला आला. कोरडा, वढून काढलेला. मग दारावर बोटाची टकटक.

"मावशे... बबीला दम लागलाय."

पंचफुलाचा हात कडीवर गेला. तेवढ्यात मागं पावलं वाजली. मॅडम, मालक, नरसिंग.

"हे काय?" मॅडमनं दाराकडं बोट केलं.

"बंद हाय मॅडम," नरसिंग पुढं झाला. "गॅस संपलाय. मेकॅनिक यायचाय."

वर मीटरवर लाल अक्षरात तेरा चमकत होतं अन् मशीन घूं घूं करत होती. मॅडम मीटरकडं बघायला लागल्या. आता त्या बोलणार, अन् बोलल्या की कागदावर 'लपवली' आलंच.

पंचफुलानं हातातली चपल खाली टाकली अन् मोठ्यांदा हसली. "मालक, सांगा की आता! माणसानं लाजावं तरी किती?"

"का... काय सांगू?"

"मॅडम, मालक सकाळधरनं घोकून राहिलेत. म्हणले, पंचफुला, मी सोता दार उघडून दाखवतो. आता पाय लटपटायलेत बघा. उघडा मालक, म्या हाय संगं."

मालकानं तिच्याकडं असं बघितलं की नजरेनंच घडासारखी तोडावी. दार उघडावं तर दाखला बुडाला, न उघडावं तर धंदाच. आत परत खोकला. त्यानं कडी काढली.

गार वाफ भसकन बाहेर आली. तिच्यामागून तिघी पोरी, अन् त्यांच्या खांद्यावर बबिता. ओठ जांभळे. पंचफुलानं तिला उचलून उन्हात नेलं, पदर गुंडाळला, पाठ चोळू लागली.

मॅडम गुडघ्यावर बसल्या. "वय किती बाळ?"

"अ... अठरा," बबिता पढवल्याप्रमाणं बोलली. दात वाजत होते.

मॅडमनं ते लिहिलंच न्हाई. मालकाकडं बघितलं.

"बारा," मालक खाली बघत बोलला. "बाकीच्या अकरा, तेरा, तेरा."

"आपणहून सांगितलंत, तसं लिहा. अन् कडी बाहेरून का होती, तेबी तुमच्याच अक्षरात." मॅडमनं फॉर्म दिला. मालक लिहायला लागला. पेन दोनदा अडला. नरसिंग हळूच फाटकाकडं सरकला, तर मॅडमनं मान न वळवता त्याला थांबवलं. "तुम्ही थांबा. तुमचंबी नाव लागणार हाय." मग त्यांनी पान उलटलं. "ह्यांना कामाला कुणी आणलं?"

मालक लिहायचा थांबला. नरसिंगनं पंचफुलाकडं बघितलं. त्या दोघांनाबी उत्तर ठाऊक होतं. मॅडमला न्हाई. 'माहीत न्हाई' म्हणलं असतं तर गुमान खपलं असतं.

बबिताचा श्वास अजून शिट्टी मारत होता.

"हिला म्या आणलं," पंचफुला बोलली. "सख्खी भाची हाय. तीन महिने झाले. शाळा सोडवून."

"सही येते?"

"येते."

मॅडमनं कागद पुढं केला. पंचफुलानं बबिताच्या पाठीवरचा एक हात काढला न्हाई. दुसऱ्या हातानं कागद मांडीवर धरून तिनं नाव लिहिलं. वाकडंतिकडं, पण पुरं.